काशीत सोडलेल्या साड्या

काशीहून परत आलेल्या माणसाला आमच्या डहाणूत "दर्शन कसं झालं?" असं कुणी विचारत नाही. "काय सोडलंत?" असं विचारतात. काशीला गेलं की आवडीची एक खाण्याची वस्तू गंगेला सांगून सोडायची आणि जन्मात पुन्हा तोंडात घालायची नाही, ही जुनी रीत. ज्याने कुणी ती घातली त्याचा हेतू चांगलाच असणार. वय झालं, आता एकेका गोष्टीवरची मूठ सैल करायला शिका, असं त्याला म्हणायचं असेल. पण माणसं त्याच्यापेक्षा हुशार निघाली. आमच्या आळीत काशी करून आलेली सात-आठ घरं आहेत. त्या सगळ्यांनी मिळून काय सोडलंय म्हणाल तर कारलं, पडवळ, घोसाळं, सुरण आणि एका काकांनी सोडलेली साबुदाण्याची खिचडी, जी त्यांना डॉक्टरांनी आधीच बंद केली होती. आंबा कुणीही सोडलेला नाही.

मी मात्र साडी सोडली. आजन्म. भर घाटावर, मोठ्या आवाजात, सगळ्या यात्रेकरूंसमोर. याला आपल्याकडे हात दाखवून अवलक्षण म्हणतात.

व्रतवैकल्यांच्या बाबतीत माझा इतिहास काही धुतल्या तांदळासारखा नाही, हे आधीच सांगून टाकते. लग्न होऊन सायवनहून घोलवडला आले तेव्हा सासरची छोटीशी चिकूची वाडी होती. सायवनला असताना चिकू म्हणजे मला चैन वाटायची. घोलवडला महिन्याभरात ती चैन उतरली. उठलं की चिकू धुवायचे, लहान-मोठे वेगळे करायचे, करंड्यांत भरायचे. हाताला चीक, पदराला चीक आणि डोळे मिटले तरी समोर चिकू. पहिल्याच चातुर्मासात सासूबाईंनी विचारलं, "सूनबाई, चार महिने काय सोडतेस?" मी मान खाली घातली, आवाज जमेल तेवढा सात्त्विक केला आणि म्हटलं, "चिकू."

सासूबाईंचे डोळे भरून आले. चिकूच्या घरात येऊन चिकू सोडणारी सून! त्यांनी ही गोष्ट पार बोर्डीपर्यंत पोचवली. आता त्या मुलीकडे बघते तर तिचा कान धरावासा वाटतो. एकोणीस वर्षांची, अंगात भक्ती नावाला नाही आणि चेहरा असा की जणू आत्ताच गाभाऱ्यातून उचलून आणलीय.

देवाने दीड महिन्यात माझी खोड मोडली. मला दिवस गेले आणि डोहाळे लागले ते नेमके चिकूचे. दुसरं काही पोटात ठरेना. शेवटी एक दिवस वाडीच्या मागच्या कुंपणाशी उभी राहून, पिकलाय की नाही हेही न बघता, मी हाताला येईल तो चिकू खाल्ला. कच्च्या चिकूचा चीक लागला की ओठ गोंदाने चिकटवल्यासारखे होतात. घरात आले, सासूबाईंनी काहीतरी विचारलं आणि मला तोंडच उघडेना. त्यांनी खोबरेल तेलाची वाटी माझ्यापुढे सरकवली. "लाव ओठांना," म्हणाल्या. "देवाला सगळं दिसतं गं बाई. आणि मला तर आता चष्माही लागलाय."

पुढे ह्यांना रेल्वेत नोकरी लागली, आम्ही डहाणूला राहायला आलो, आणि माझी हाव चिकूवरून साड्यांवर सरकली. किती हाव, ते ऐका. एका लग्नात माझ्यासारखीच साडी नेसलेली बाई दिसली, म्हणून मी पोट दुखतंय असं सांगून घरी पळाले आणि साडी बदलून अक्षता पडायच्या आत परत आले. यजमानीणबाई बिचाऱ्या काळजीपोटी माझ्यासाठी ओव्याचं पाणी घेऊन उभ्या. ते सगळं प्यावं लागलं.

गेल्या दिवाळीनंतर आमच्या ज्येष्ठ नागरिकांच्या मंडळाने काशीयात्रा काढली. आम्ही दोघं निघालो आणि विहीणबाईंनाही बरोबर घेतलं. विहीणबाई म्हणजे माझ्या मुलीच्या सासूबाई, तलासरीच्या. मुलीच्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली, म्हणजे आमच्या दोघींच्या चढाओढीलाही तेवढीच झाली. त्यांनी पाच पदार्थ केले की मी सहा करायचे. त्यांच्या गळ्यात नवीन काही दिसलं की ह्यांची झोप उडायची, कारण मी झोपू द्यायची नाही. बाई मोठ्या आवाजाच्या, मोठ्या मनाच्या आणि बोंबलांशिवाय घास न उतरणाऱ्या. काशीला निघतानाही डब्यात सुक्या बोंबलांची चटणी होती. "भुसावळपर्यंत चालतं," म्हणाल्या, "पवित्र हद्द त्याच्या पुढे लागते." भुसावळ यायच्या आत डबा धुऊन पालथा.

यात्रेच्या कागदावर देवळंच देवळं होती, दुकानांचा उल्लेखही नव्हता. सत्तरीची माणसं, गुडघ्यांना पट्टे. देवळाच्या पायऱ्या दिसल्या की "इथूनच नमस्कार करतो" म्हणायची. पण साड्यांच्या दुकानाचा तिसरा मजला म्हटल्यावर लिफ्टची वाटसुद्धा न बघता चढली. एका काकांनी आपोआप मंत्र म्हणणारं यंत्र घेतलं, म्हणजे आता घरी त्यांना म्हणायला नको. मी तीन साड्या घेतल्या. विरक्तीसाठी आलेली आमची बस परतताना टपापर्यंत भरली होती.

तर घाटावर. गुरुजी एकेकाला विचारत होते. विहीणबाईंचा नंबर आला. त्या म्हणाल्या, "दुधी."

"विहीणबाई, तुम्ही दुधी खाता तरी कधी?" मी कुजबुजले.

"खात नाही म्हणून काय झालं? सोडायला काय हरकत आहे?"

आमच्यापैकी कुणालाच कुजबुजता येत नाही, त्यामुळे सगळा घाट हसला. आणि ते हसू ऐकून माझ्या अंगात ती एकोणीस वर्षांची पोरगी शिरली. मान खाली, आवाज सात्त्विक. "गुरुजी, मी साडी सोडते. आजपासून जन्मात स्वतःसाठी नवी साडी विकत घेणार नाही."

एका बाईंनी माझ्या पायांना हात लावला. गुरुजी म्हणाले, असं कुणी सोडलेलं मी बघितलं नाही. मागून ह्यांचा आवाज आला, "गुरुजी, याचं लेखी काही मिळेल का?" मी गंगेकडे बघत राहिले. सकाळीच घेतलेल्या तीन साड्या खोलीवर होत्या, त्यामुळे बोलताना काही जड गेलं नाही. विहीणबाई तेवढ्या हसत नव्हत्या. माझ्याकडे टक लावून बघत होत्या. मला वाटलं, जळल्या. फार बरं वाटलं.

डहाणूला आल्यावर पंधरा दिवस मी संतपदाला पोचले होते. भजनाला मला पुढची जागा. भाजीवालीसुद्धा "साडी सोडलेल्या आजी" म्हणून कोथिंबीर जास्त घालायची. आणि अशा ऐन कीर्तीच्या दिवसांत नातीचं लग्न ठरलं. माझ्या मुलीची मुलगी, म्हणजे विहीणबाईंच्या मुलाची मुलगी, म्हणजे दोघींची सारखीच लाडकी. माघातला मुहूर्त, बोर्डीला एका चिकूच्या वाडीत मांडव. नातीचा फोन आला.

"आजी, मेहंदीला सगळ्यांनी हिरवं, हळदीला पिवळं आणि लग्नाला पेस्टल. नीट लिहून घे."

"पेस्टल म्हणजे काय गं?"

"म्हणजे धुऊन धुऊन रंग गेलाय असं वाटतं ना, तसले रंग."

"ते माझ्याकडे मुबलक आहेत."

"आजी, नवीन गं! फोटोग्राफर आहे, ड्रोन आहे."

म्हणजे वरून आकाशातूनसुद्धा माझी जुनी साडी दिसणार. आणि विहीणबाई? त्यांनी तर नुसता दुधी सोडलेला. त्यांना सुरत मोकळी, वापी मोकळी. मी काशीच्या तीन साड्या काढून बघितल्या. एक लाल, एक निळी, एक राणी. ना हिरवी, ना पिवळी, ना धुतलेली. मी खाटेवर बसून राहिले.

"तू 'विकत घेणार नाही' म्हणालीस," ह्यांनी पेपरातून डोकं न काढता म्हटलं. "कुणी दिली तर? रेल्वेत बघ, तिकीट नसलं तरी पासवाला बसतोच की."

नवऱ्याचं मी आयुष्यात जे मोजकं ऐकलं त्यातलं हे एक. दुसऱ्या दिवसापासून मी भेटेल त्याच्यापाशी उसासे टाकू लागले. "नातीचं लग्न आलंय हो, पण माझं मेलं व्रत! आता कुणी प्रेमाने दिलीच तर गोष्ट वेगळी." लोकांना तेवढंच हवं होतं. प्रत्येक घरात लग्नामुंजीत आहेर म्हणून आलेल्या, कुणालाच नको असलेल्या साड्या कपाटाच्या तळाशी दडून असतात. त्या सगळ्यांना एकदम वाट सापडली. जावेने पोपटी आणली. शेजारणीने पिवळी आणली, अंगाऱ्यासारखी जपलेली आणि डांबराच्या गोळ्यांनी घमघमणारी. भजनातल्या बायकांनी मिळून दोन. महिन्याभरात अकरा साड्या! साडी सोडल्यापासून मला जेवढ्या साड्या मिळाल्या तेवढ्या तर मी घेत होते तेव्हाही मिळत नव्हत्या. बरं, एकीचाही रंग धड नाही. त्यामुळे हाव काही भागेना.

म्हणून लग्नाच्या खरेदीला सगळे सुरतेला निघाले तेव्हा मी "नुसती बघायला" गेले. गाडीत मुलीच्या कानाला लागले. "हे बघ, एखादी चांगली दिसली तर तू घे, आणि मग मला भेट म्हणून दे."

"आई," मुलगी म्हणाली, "गंगा तुला आता चांगली ओळखते."

दुकानात गादीवर बसलो. "आवो बा, बेसो," म्हणत दुकानदाराने घडीवर घडी उलगडली आणि त्यातली एक सरळ माझ्या खांद्यावर टाकली. वांगी रंग, अंगभर बारीक बुट्टे, काठ असा की बोटं आपोआप फिरावीत. पेस्टल गेलं खड्ड्यात! मुलीने माझा चेहरा बघितला आणि हरल्यासारखं विचारलं, "आई, घेऊ का ही तुला?"

"नको गं, कशाला उगाच," मी म्हटलं. कुठल्या सुरात ते बायकांना सांगायला नको. त्या सुरातल्या 'नको'चा अर्थ दुकानदारालाही कळतो. तो बिल करायला वळला.

"अगं नको!" विहीणबाई दुकान दणाणेल अशा ओरडल्या. "त्यांनी सोडलंय ना! पुण्य त्यांचं आणि मोडायला आपण?" त्यांनी माझ्या खांद्यावरची साडी स्वतःच्या हाताने उचलून दुकानदाराच्या अंगावर टाकली. मग मला दंडाला धरून बाहेरच्या पायरीवर नेलं, दोन चहा सांगितले आणि आवाज खाली आणला. त्यांचा खालचा आवाज म्हणजे आपला नेहमीचा.

"तुम्हाला एक सांगते, घरात कुणाला बोलले नाहीये. त्या दिवशी मी दुधी म्हटलं, सगळे हसले, मीही हसले. पण तुम्ही जीव की प्राण असलेली गोष्ट सोडलीत आणि मी काय, तर दुधी! लाज वाटली हो. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही सगळे पुन्हा बाजारात गेलात ना, तेव्हा मी एकटी घाटावर गेले आणि बोंबील सोडले."

"कुठले बोंबील?"

"सगळे. ओले, सुके, तळलेले, चटणीतले."

मला आधी वाटलं, थट्टा करतायत. पण बाईंच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. "पहिला महिना पानावर बसलं की रडू यायचं," त्या म्हणाल्या. "मग एक दिवस शेजारी बोंबील भाजत होते. वास आला. मी म्हटलं, वा, काय छान वास आहे! बस, तेवढंच. मी झाडांना पाणी घालत होते, ते घालत राहिले. विहीणबाई, आयुष्यात इतकं मोकळं मला कधी वाटलं नव्हतं. हे तुमच्यामुळे झालं. तलासरीत मी सगळ्यांना तुमचंच उदाहरण देते."

मी चहाचा कप पायरीवर ठेवला. जिला हरवण्यात मी सव्वीस वर्षं घालवली, ती बाई माझ्या लबाडीवर भरवसा ठेवून खरोखरच काहीतरी सोडून बसली होती. आणि घरी माझ्या कपाटात अकरा साड्या. लग्नात डहाणूची जाऊ, शेजारीण, भजनवाल्या सगळ्या येणार. त्यातली एखादी बोलणारच, "आमची साडी नेसला नाहीत का हो?" मग विहीणबाईंना काय वाटेल? माझी अब्रू जाईल ते जाऊ दे, ती जायला सवकलेली आहे. पण आपण एका थापेपायी बोंबील सोडले असं त्यांना वाटलं, तर तो मोकळेपणा राहील का?

आधी मी सोपा मार्ग करून बघितला. पोपटी साडी घेऊन जावेकडे गेले. "दिलेली परत घेत नसतात!" म्हणून तिने माझ्या तोंडावर दार लावून घेतलं. शेजारणीने तर बेल वाजवली तरी दार उघडलं नाही. खिडकीतून माझ्या हातातली पिशवी दिसली असावी. मोठ्या मुश्किलीने गेलेली साडी कोण परत घेणार?

शेवटी एका सकाळी दोन मोठ्या पिशव्या घेऊन तलासरीची एसटी पकडली. विहीणबाईंच्या ओसरीवर अकराच्या अकरा साड्या ओतल्या आणि म्हटलं, "हा बघा माझा त्याग."

त्यांनी साड्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "म्हणजे घाटावर तुम्ही खोटं बोललात?"

"खोटं असं नाही. विकत मी एकही घेतलेली नाही..."

"विहीणबाई."

"हो. खोटं."

त्या उठून आत गेल्या. मला वाटलं, आता येतच नाहीत. पण पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि मला न देता स्वतःच प्यायल्या. मी घाईघाईने म्हटलं, "तुम्ही आता बोंबील खा. माझ्या थापेसाठी उपाशी राहू नका, ते पाप मला झेपणार नाही."

"वा! तुम्ही खोटं बोललात म्हणून मी कशाला खोटी पडू?" त्या म्हणाल्या. "सुरुवात तुम्हाला बघून केली, हे खरं. पण गंगेसमोर तुम्ही नव्हतात, मी होते. बोंबील माझे गेलेत आणि ते छान गेलेत."

"रागावलात?"

"आलाय ना राग! पण बोंबील गेले तिथे राग कितीसा टिकतोय? उद्यापर्यंत जाईल."

आणि खाली बसून त्या साड्यांचा ढीग चाळायला लागल्या. शेजारणीची पिवळी साडी वर काढली, उजेडात धरली, अंगाला लावून बघितली. "ही हळदीला मला होईल."

"अहो, पण व्रत?"

"माझं व्रत बोंबलांचं आहे, साड्यांचं नाही."

उरलेल्या दहा साड्या त्यांनी तिथल्या तिथे लग्नात द्यायच्या आहेरांत लावून टाकल्या. पोपटी साडी परत माझ्या जावेच्या नावावर गेली. त्यात माझा काही हात नव्हता. थोडा होता.

परतीच्या एसटीत मी रिकाम्या पिशव्या मांडीवर घेऊन बसले होते आणि मला विहीणबाईंचा हेवा वाटत होता. तो तर नेहमीचाच. पण या वेळी जिचा हेवा वाटत होता ती गोष्ट सुरतेच्या कुठल्याच दुकानात मिळणार नव्हती, त्यामुळे काय करायचं ते कळत नव्हतं. शेवटी ठरवलं, निदान एक लग्न जुन्या साडीत काढून बघू. मरत तर नाही ना.

हळदीच्या दिवशी मी माझी सर्वांत जुनी, मऊ, मोतिया रंगाची साडी नेसले. कुणी विचारलंच तर सांगायला काशीच्या व्रतावर एक छोटंसं भाषणही तयार ठेवलं होतं. कुणी विचारलं नाही. ज्या डोळ्यांसाठी मी जन्मभर साड्या बदलल्या ते सगळे डोळे आपापल्या फोनमध्ये स्वतःलाच बघत होते. मला जरा रागच आला. नातीने तेवढं लांबून "आजी, पिवळं!" म्हणून डोळे वटारले. तेवढ्यात तिच्या मैत्रिणींनी हळदीच्या वाट्या घेऊन मला असं घेरलं की दोन मिनिटांत मी मांडवातली सर्वांत पिवळी बाई होते. नात हसत सुटली. हसताना तिच्या उजव्या गालाला बारीकशी खळी पडते. सव्वीस वर्षं कुणाचा काठ कसा ते बघण्यात गेली, खळीकडे लक्ष गेलंच नव्हतं. विहीणबाईंच्या पिवळ्या साडीचा फॉल उलटा शिवलाय, हेही मी बघितलं, नाही असं नाही. माझी एवढ्यात सुटका नाही.

लग्नाचं जेवण शाकाहारी असलं तरी हळदीच्या दुपारी आमच्याकडे ताजे बोंबील तळतात. पंगतीत विहीणबाई माझ्या शेजारी बसल्या. वाढणाऱ्याने त्यांच्या पानाकडे बोंबील आणले. त्यांनी हाताने अडवलं आणि माझ्या पानाकडे बोट केलं. "माझ्या वाटचे यांना वाढा."

वाढले. कुरकुरीत, आत लोण्यासारखे, वाफाळते. विहीणबाई वरणभात कालवता कालवता माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्या तोंडाला पाणी सुटलंय की मजा बघतायत ते मला कळेना. माझा घास तिथेच थांबला.

"कसे झालेत?" त्यांनी विचारलं.

"खारट," मी म्हटलं. "अगदी खारट. काही विशेष नाहीत."

"खोटं बोलू नका, विहीणबाई," त्या म्हणाल्या. "तुमच्या तोंडावरून कळतंय. चांगले झालेत. गरम आहेत तोवर खा."

मी खाल्ले. त्यांच्या वाटचेही.